पाठीवरचा कामठा

फार वर्षांपूर्वी, म्हणजे या डोंगराखाली रस्ता नव्हता, दिवा नव्हता आणि वाडीत कुणाच्या पायात वहाण नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. नक्की किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. ज्यांनी मला सांगितली त्यांनाही ते ठाऊक नव्हतं आणि विचारलं की ते चिडायचे. मीही चिडतो.

घारकड्याच्या पायथ्याशी ठाकरांची एक वाडी होती. अजून आहे. मागे कडा, पुढे दरी, मधे भाताची थोडी खाचरं आणि नाचणीचे उतार. एवढ्यावर वर्ष निघत नसे, म्हणून भात कापून झालं की पुरुष कड्यावरच्या रानात शिकारीला जात. कमरेला बाणांचा भाता आणि हातात बांबूचा कामठा, म्हणजे धनुष्य. ससा मिळे, भेकर मिळे, नशीब उघडलं तर सांबर.

वर रानात आणि रानापलीकडच्या गावांना जायला वाट एकच. कड्याच्या पोटातून आडवी गेलेली दगडी पायरी. रुंदी इतकी की शेळी सहज जाईल आणि माणूस देवाचं नाव घेत जाईल. मधोमध ती तुटलेली होती. त्या जागेला तुटका टप्पा म्हणत. तिथे एका हातानं कपार धरायची, पाय लांब टाकायचा आणि खाली बघायचं नाही. एका हातानंच, कारण दुसरा हात रिकामा नसे.

वाडीचा तसा नेम होता. रानात पाय ठेवल्यापासून रानाबाहेर येईपर्यंत कामठा डाव्या हातातून सुटता कामा नये. झाडाला टेकवायचा नाही, जमिनीवर ठेवायचा नाही, दुसऱ्याकडे द्यायचा नाही. पाणी प्यायचं तर एका हाताच्या पशानं. कामठा सुटला की रानदेव सुटला, मग जनावर समोर उभं राहिलं तरी दिसत नाही, असं म्हणत.

आणखी एक रीत होती, तीही सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. शिकार आली की वाडीच्या मधोमध पळसाची पानं मांडत. वाडीचा कारभारी आधी मरून गेलेल्या शिकाऱ्यांची नावं मोठ्यानं घेई आणि एकेका नावाचा वाटा पानावर ठेवी. तो वाटा त्या माणसाच्या घरी जाई. घरात कुणी पुरुष उरलेला असो वा नसो, नाव घेतलं जातंय तोवर चूल उपाशी राहत नसे. माणूस मेला तरी त्याचं नाव घर पोसायचं.

या वाडीत हिरू आणि जैतू असे दोन भाऊ होते. हिरू थोरला, कामाचा, सोमी नावाच्या बायकोचा आणि तिच्या पोटात वाढणाऱ्या लेकराचा धनी. जैतू धाकटा. हा जैतू पुढे कसा झाला ते सगळे सांगतात, पण आधी कसा होता ते कुणी सांगत नाही. आधी तो पक्का आळशी होता. बसला तर शेवाळ धरेल असा. सोमी म्हणायची, "भावजी, उठा, तुमच्याखाली कोंबडीनं अंडी घातल्यात." आणि तो खरंच उठून बघायचा.

एका सकाळी दोघं भाऊ शिकारीला निघाले. धुकं होतं, दगड ओले होते. तुटका टप्पा जैतूनं आधी ओलांडला. मागून हिरूनं पाय टाकला आणि पायाखालचा दगड सुटला. हिरू उजव्या हातावर लोंबकळला. त्यानं क्षणभर भावाकडं पाहिलं, डाव्या हातातला कामठा सोडून दिला आणि तो हात वर केला.

जैतूचा उजवा हात कपारीत होता. डाव्या हातात कामठा होता. त्यानं हात दिला नाही. कामठ्याचं टोक पुढं केलं.

हिरूनं ते टोक धरलं. पण कामठ्याला दर वर्षी मोहाचं तेल पाजतात, बांबू गुळगुळीत होतो, आणि त्यावर धुक्याचं पाणी बसलेलं. हिरूची मूठ त्या टोकावरून घसरत गेली. तो ओरडलासुद्धा नाही, असं म्हणतात. जैतू किती तरी वेळ कामठा तसाच पुढं धरून उभा होता.

तो वाडीत आला तेव्हा कामठा हातातच होता. गोमा कारभाऱ्यानं पुढं होऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला. गोमा वाईट माणूस नव्हता, हे लक्षात असू द्या. नेमाचा माणूस होता, एवढंच. तो म्हणाला, "भाऊ गेला, पर पोरानं कामठा सोडला न्हाय. रानदेवाचा सबूद राखला." लोकांनी माना डोलावल्या. मग गोमा हळूच म्हणाला, "हिरूनं कामठा टाकला, म्हून देवानं हिरूला टाकला."

सोमी दाराशी उभी होती. ती रडली नाही. जैतूकडं बघून एवढंच म्हणाली, "कामठा आणलात. बरं झालं."

त्या वर्षी पहिली शिकार आली, पानं मांडली गेली, गोमानं नावं घेतली. हिरूचं नाव घेतलं नाही. ज्यानं रानात कामठा टाकला त्याचं नाव पानावर यायचं नाही, असं त्यानं सांगितलं. सोमीचं पान रिकामं राहिलं. तिला तेव्हा मुलगी झाली होती. ती पोरीला पदराखाली घेऊन घरी निघून गेली आणि त्या दिवसापासून जैतूशी एक शब्द बोलली नाही.

आणि जैतूची झोप उडाली. बसला की उठे, उठला की चाले. भाकर उभ्यानं खाई. कुणी बोलायला लागलं तर ऐकता ऐकता अंगणाला फेऱ्या घाली, आणि बोलणाऱ्याची मान दुखे. त्याचा डावा हात सारखा हलत असे. मूठ उघडायची, मिटायची, उघडायची, मिटायची. माशी हाकलतोय असं वाटे, पण माशी नसे. त्याची आई म्हणे, "पोराच्या हातात वारं शिरलं." तिनं भगताला बोलावलं. भगतानं अंगारा लावला, दोरा बांधला, कोंबडा घेतला आणि तो गेला. हात हलतच राहिला.

आपलंच काहीतरी चुकलं हे जैतूला कळत होतं. पण काय? कामठा टाकला असता तर नेम मोडला असता. नाही टाकला तर भाऊ गेला. या दोन दगडांमधे त्याचं डोकं चिरडून निघालं. शेवटी त्याच्या मनानं एकच धोसरा घेतला: कामठा अंगावर असला पाहिजे आणि हात मोकळा असला पाहिजे. दोन्ही एकदम.

ऐकायला सोपं आहे. करून बघा.

त्यानं आधी कामठा दातांत धरला. दिवसभरात जबडा असा आखडला की भेकर नाकासमोरून गेलं तरी सोबत्यांना हाळी देता येईना. मग गळ्यात अडकवला. करवंदीच्या जाळीनं कामठ्याचं टोक पकडलं आणि जैतू फास लागल्यासारखा लटकला. मग कमरेच्या करगोट्यात खोवला. उडी मारताना करगोटा तुटला, आणि लंगोटी त्याच करगोट्याला होती. तेव्हा झऱ्यावर बायका पाणी भरत होत्या. पुढचं त्यांना विचारा, त्या वाडीत अजून हसतात. मग त्यानं कामठा छातीवरून तिरका घातला, दोरी पुढं आणि दांडा पाठीवर. हे बरं होतं. पण वाकलं की खालचं टोक दगडाला थटे, आणि डोकं त्यातून बाहेर काढेपर्यंत ससा घरी पोचून पोरंबाळं सांभाळत बसलेला असे.

लोक म्हणायचे, "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं जैत्याचं." तो कान देत नसे. आता उभ्यानंच डुलकी घेई आणि डुलकीतही त्याची मूठ उघडमीट करी.

असा पावसाळा आला. वाडी खाचरांत उतरली. भाताची लावणी चालू होती आणि जैतू बांधावरून येरझाऱ्या घालत होता. तेव्हा त्याला सोमी दिसली. ती चिखलात कमरेत वाकून रोपं लावत होती, दोन्ही हात भराभर चालत होते, आणि पोरगी तिच्या पाठीवर फडक्यात बांधलेली होती. सोमी वाकली, उठली, वळली, बांध चढली. पोरगी जागची हलली नाही. मग ती रडायला लागली. सोमीनं खांद्यावरच्या गाठीला एक हिसका दिला आणि पोरगी पाठीवरून काखेखालून थेट छातीशी आली. डोळा लवायच्या आत पीत होती.

जैतू बांधावर थांबला. वर्षभरात तो पहिल्यांदा थांबला, असं म्हणतात.

खाली उतरून तो तिच्यासमोर उभा राहिला. "वैनी," तो म्हणाला, "ती गाठ मला दावा."

सोमीनं वर बघितलं. शेजारच्या बाया रोपं हातात धरून बघू लागल्या. दिराला काय बोलावं, बोलावं की नाही, हे सोमीच्या तोंडावर येत होतं आणि जात होतं. शेवटी तिनं पोरीला सोडवलं आणि त्याच्या हातांत दिलं.

"धरा," ती म्हणाली. "दोन्ही हातांनी."

जैतूनं भावाच्या लेकीला आजवर हात लावला नव्हता. त्यानं तिला धरलं. चिखलात उभा राहून तो ढसाढसा रडला आणि पोरगी त्याच्याकडं बघत राहिली. सोमीनं फडकं झटकलं आणि दाखवायला सुरुवात केली. "खाली झोळ पायजे, बूड टेकाया. वर गाठ. गाठ लई घट्ट नको. घट्ट गाठ सुटाया येळ लागतो, तवर लेकरू गुदमरंल. एका हिसक्यात म्होरं आलं पायजे. समाजलं?"

"समाजलं," जैतू म्हणाला.

मी हे मुद्दाम सांगतो, कारण पुरुष सांगतात तेव्हा जैतूच्या स्वप्नात रानदेव आला आणि त्यानं युक्ती दिली, असं सांगतात. ज्याला धड झोपच नव्हती त्याच्या स्वप्नात रानदेव येईल कसा?

जैतूनं अंबाडीच्या वाखाचा रुंद पट्टा वळला. कमरेला बांबूचं एक पोकळ पेर बांधलं, त्यात कामठ्याचं खालचं टोक बसवलं. डाव्या खांद्यावर सोमीची गाठ मारली. टोक कानाच्या वर जाऊ नये म्हणून नवा कामठा आखूड तासला. मग तो कारवीच्या गचपणात घुसला, घळीतून उतरला, झाडावर चढला, दोन्ही हातांनी. कामठा पाठीला पाठीसारखा चिकटून होता. उजव्या हातानं हिसका दिला की काखेखालून डाव्या हातात हजर.

भात कापून झाल्यावर तो एकटाच घारकडा चढून गेला आणि खांद्यावर भेकर घेऊन उतरला. नेमाप्रमाणे मांस वाडीच्या मधोमध ठेवलं. गोमा कारभारी आला, त्यानं जैतूची पाठ बघितली आणि त्याचं तोंड कडू झालं.

"पाठीवं बायका पोरं वागवत्यात," गोमा म्हणाला. "रानदेवाला फडक्यात बांधलंस, वर त्येला पाठ दावलीस. ह्ये मांस वाडीला नको. आन् आमच्या संगं रानात येऊ नको."

"नका घेऊ," जैतू म्हणाला. "हिरूदाचं नाव तेवढं घ्या."

"कामठा टाकणाऱ्याचं नाव येत न्हाय." गोमा वळून चालू लागला. जैतूनं भेकर उचललं आणि सोमीच्या दारात नेऊन ठेवलं. तिनं ते घेतलं, पण म्हणाली, "मांस हाय भावजी. नाव कुठंय?"

आता जैतूची बेचैनी आणखी वाढली. हात मोकळा झाला होता, पण द्यायचा कुणाला? ज्याला द्यायचा तो दरीत गेला होता. वाडीचे लोक शिकारीला निघाले की जैतूचा जीव थाऱ्यावर राहत नसे. तो त्यांच्या आधी धावत जाई आणि तुटक्या टप्प्याच्या पलीकडं कपारीत अंग कोंबून बसे. एकेक जण टप्पा ओलांडी, तसा जैतू श्वास धरी आणि सोडी. लोक म्हणायचे, "कड्याचं घुबड बसलं बघा." कुणी त्याच्या अंगावर खडे मारी. तो बसून राही.

मग ती सकाळ आली. रात्री अवकाळी शिंतोडे पडून गेले होते. दगड निसरडे, धुकं हाताला लागेल असं. सगळ्यात पुढं गोमा. त्यानं डाव्या हातात कामठा धरला, उजव्या हातानं कपार धरली, पाय लांब टाकला. वयानं पाय दगा दिला म्हणा, ओल्या दगडानं दिला म्हणा, गोमा खाली घसरला आणि एका हातावर लोंबकळला. बरोबर तिथंच.

मागचे ओरडले, पण तिथून कुणाचा हात पोचणार नव्हता. जैतू कपारीतून अर्धा बाहेर आला, पाय आत अडकवले, छाती दगडावर टेकली आणि दोन्ही हात खाली सोडले. गोमानं त्याला बघितलं. आणि गोमानं काय केलं? कामठ्याचं टोक वर केलं. "धर!" म्हणाला.

जैतूच्या डोळ्यांसमोर ते टोक आलं. तेल पाजलेलं, ओलं, चकचकीत. त्याचे हात जागच्या जागी थिजले, असं म्हणतात.

मग तो ओरडला, "गोमादा, कामठा टाका! हात द्या!"

"टाकला तर रानदेव मला टाकंल!"

"रानदेव टाकंल का न्हाय मला ठावं न्हाय," जैतू म्हणाला. "मी टाकणार न्हाय."

गोमाची उजवी बोटं एकेक करून सुटत होती. त्यानं वर जैतूकडं पाहिलं, एकदा कामठ्याकडं पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदा डावा हात उघडला. कामठा दरीत गेला. तो खाली पडल्याचा आवाज कुणी ऐकला नाही, तो अजून पडतोच आहे, असं म्हणतात. जैतूनं गोमाचं डावं मनगट दोन्ही हातांनी धरलं.

किती वेळ धरलं? सूर्य कड्याच्या या अंगाकडून त्या अंगाला गेला, असं म्हणतात. भात शिजायला लागतो तेवढा वेळ असेल, असं मला वाटतं. पण लटकलेल्या माणसाला विचारा. जैतूची पाठ कपारीच्या वरच्या दगडात रुतली, दगड मेणासारखा मऊ झाला आणि त्यानं जैतूला आत धरून ठेवलं. कपारीत त्याच्या पाठीचा ठसा आहे, आणि ठशात तिरका एक खळगा आहे, कामठ्याचा. मी बोट घालून बघितलंय. शेवटी गोमा वर आला. दोघं कितीतरी वेळ धापा टाकत पडून होते.

वाडीतले म्हणाले, आता परत फिरू, कारभाऱ्याचा कामठा गेला, आता शिकार लागायची नाही. गोमा दोन्ही हात रिकामे घेऊन वरच्या रानात चालू लागला, मागं जैतू. आणि त्या दिवशी, पहिल्याच वळणावर, सांबर उभं होतं. जैतूनं खांद्याला हिसका दिला. बाकीच्यांनी बाण लावेपर्यंत त्याचा बाण पोचला होता.

वाडीत पानं मांडली. गोमानं जुन्या शिकाऱ्यांची नावं एकेक करून घेतली. शेवटचं नाव घेऊन तो थांबला. मग बारीक आवाजात म्हणाला, "हिरू."

सोमी पोरीला पाठीवर घेऊन उभी होती. "कारभारी," ती म्हणाली, "त्ये कड्यात पडलं. कड्यापत्तुर ऐकू गेलं पायजे. मोठ्यानं घ्या."

गोमानं दोन्ही हात तोंडाशी नेले आणि असा ओरडला की झाडांवरची पाखरं उडाली. "हिरू!" कड्यानं ते नाव घेतलं आणि परत दिलं, पुन्हा घेतलं आणि पुन्हा दिलं. दिवस मावळेपर्यंत घारकडा हिरूला हाका मारत होता, असं म्हणतात. सोमीनं आपलं पान उचललं तेव्हा ती रडली. मोकळी होऊन रडली.

त्यानंतर वाडीत सगळे कामठा पाठीवर बांधू लागले. पट्टा पुरुष वळत आणि गाठ बायका शिकवत, कारण दुसऱ्या कुणाला ती धड येत नसे.

जैतू शांत झाला असेल, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. पण ज्याचा भाऊ हातातून गेला तो शांत होत नसतो. तो उरलेला जन्म तुटक्या टप्प्याशीच राहिला. जो येईल त्याला हात देई, वाडीचा असो, परका असो, मीठ घेऊन येणारा असो की वाट चुकलेला. पलीकडं पोचवला की पुढच्याची वाट बघत येरझाऱ्या घाली. केस पांढरे झाले, पाठ वाकली, येरझाऱ्या थांबल्या नाहीत. एका धुक्याच्या दिवशी तो दिसेनासा झाला. खाली शोधलं, वर शोधलं, सापडला नाही. पण धुकं असलं की टप्प्यावर हात मिळतो. माणूस दिसत नाही, हात मिळतो. सोमी म्हातारपणी तिथून गेली तेव्हा तिला दोन बाजूंनी दोन हात मिळाले. एक जैतूचा होता, असं ती सांगायची. दुसऱ्याचं विचारलं की पदरानं तोंड पुसायची.

आता शिकार बंद झाली. टप्प्यावर लोखंडी कठडा बसवलाय. तरी वाडीची माणसं तिथं कठडा धरत नाहीत. पुढं गेलेला मागे वळतो, डावा हात पुढं करतो, आणि मागचा तो धरतो. कुठल्याही लग्नात वर आणि वऱ्हाड त्याच वाटेनं येतं, आणि दर वेळी बाहेरगावचा एखादा पाहुणा तिथं फुगून बसतो. "डावा हात देता? ही काय रीत झाली?"

मग वाडीतली एखादी म्हातारी, जिचे गुडघे दुखत असतात आणि जिला लवकर पोचायचं असतं, ती म्हणते, "उजवा कुनीबी देतं, बाबा. डावा रिकामा करावा लागतो. जैतूचा हाय, धर."

पाहुणा हात धरतो आणि टप्पा ओलांडतो.